बत्तीशीबाईंचे घोडे

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे बत्तीशीबाई म्हणायचे. वरची-खालची अख्खी कवळी करावी तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. खरं तर कवळीत दात अठ्ठावीसच असतात, अक्कलदाढा कोणी मुद्दाम बसवून घेत नाही. पण 'अठ्ठाविशीबाई' ही हाक कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बत्तीशी. दुसरंही एक कारण होतं. बाई हसायच्या त्या ओठ मिटून. दिवसभर लोकांचे दात हातात आणि स्वतःचे मात्र कुलपात, असं आमचे मालक म्हणायचे.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी दातांवरच्या टोप्या करते, त्या कवळ्या करायच्या. गुलाबी मेणाची पट्टी दिव्यावर मऊ करायची, प्लास्टरच्या साच्यावर बसवायची, आणि गरम सुरीने एकेक दात त्यात रोवत जायचं. मी बोलत राहायची, त्या ऐकत राहायच्या. ऐकण्याची त्यांना सवयच होती. घरातलं बोलण्याचं सगळं खातं त्यांच्या मिस्टरांकडे होतं.

मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठ्या आवाजाचा, गोल चेहऱ्याचा माणूस. दुपारी डब्याच्या वेळी हटकून फोन करायचा आणि आज कुठली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली, आत कोण होतं, ते किती घाबरलं, याचं साग्रसंगीत वर्णन करायचा. बाईंचे हात नेहमी मेणाने चिकट, त्यामुळे फोन स्पीकरवर. आम्हा सगळ्यांचंच जेवण त्या गोष्टींवर व्हायचं.

एके दिवशी त्याच वेळी फोन वाजला तो न्हाव्याच्या दुकानातून.

टॅक्सीने गेलो. मी बरोबर होते. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर येऊन, बघून, मान हलवून खाली फूटपाथवर उभा होता. मिस्टर खुर्चीतच होते. गळ्याला पांढरं कापड, डोकं मागे टेकवलेलं, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर फेस वाळत आलेला. न्हावी हातात वस्तरा धरून रडत होता. "बोलता बोलता गप्प झाले हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बाई जवळ गेल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धी राहिलीय."

न्हाव्याला कळेना.

"दाढी. पूर्ण करा."

त्याने डॉक्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नवा फेस काढला. डोकं एका बाजूला कलत होतं, म्हणून बाईंनी मिस्टरांचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरलं. साचा धरतात तसं. दाढी झाली, तोंड पुसून झालं. आरशाखालच्या फळीवर चष्मा होता, तो त्यांनी पदराने पुसला, मिटला आणि पर्समध्ये टाकला.

रडल्या नाहीत. तिथे नाही, घरी नाही, नंतरही नाही.

मालकांनी हवी तेवढी सुट्टी घ्या म्हटलं, पण त्या लवकरच कामावर आल्या. दात रोवायच्या तसेच रोवत होत्या, रेषेत, बिनचूक. समोर काय ठेवलं तर खायच्या, नाही ठेवलं तर आठवण नसायची. घरी मोठी नणंद येऊन राहिली होती. ताई म्हणायच्या तिला. ताई म्हणजे अगदी दुसरं टोक. डोळ्यांत पाणी कायम तयार. भावाची चप्पल दिसली की रडायच्या, भावाची बादली दिसली की रडायच्या. मध्येच डोळे पुसून वहिनीला समजवायच्या, "अगं, एकदा रडून घे. मोकळी होशील."

"हो ताई," बाई म्हणायच्या आणि भाजी चिरत राहायच्या.

मी एकदाच विचारलं, आत काय होतंय म्हणून. त्यांनी सुरी दिव्यावर धरली. मग म्हणाल्या, "भूल दिल्यावर ओठ कसा असतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं." आणि दात रोवायला लागल्या.

मिस्टरांचा मोबाइल त्यांनी बंद केला नव्हता. चार्ज करून पर्समध्ये ठेवायच्या. काही महिन्यांनी, दुपारचे डबे उघडत असताना, तो वाजला. सगळ्यांचे घास हातातच राहिले. बाईंनी सवयीने कोपराने स्पीकर दाबला.

"साहेब आहेत का?" म्हाताऱ्या माणसाचा, उत्साही आवाज.

"बोला."

"आपण मिसेस ना त्यांच्या? सांगा त्यांना, घोडे तयार झालेत."

"कसले घोडे?"

"आपले हो! समुद्रघोडे. बुटक्या जातीचे. साहेबांनी कधीचं सांगून ठेवलंय. मध्ये माझी एक अख्खी पिढी दगावली, म्हणून उशीर झाला. रागावले असतील. कुठे आहेत साहेब?"

बाईंनी हातातल्या चमच्याकडे पाहिलं. "कामावर गेलेत," त्या म्हणाल्या.

"असू दे, असू दे. टाकी लावली का त्यांनी? पाणी मुरलंय ना?"

"बघते."

"बघून कळवा. पाणी मुरल्याशिवाय मी द्यायचा नाही हं. साहेबांना ठाऊक आहे."

फोन बंद झाला. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तशी त्या म्हणाल्या, "आता सगळं सांगत कोण बसणार? तो अरेरे म्हणणार, कसं झालं विचारणार, मग मी त्याची समजूत काढायची. त्यापेक्षा घोडे परवडले."

त्यांच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशिनमागे, एक खोकं होतं. लिफ्टचे सुटे भाग असतील म्हणून त्यांनी कधी हात लावला नव्हता. संध्याकाळी उघडलं तर आत काचेची छोटी टाकी, हवेचा पंप, स्पंजाचा फिल्टर, आणि माशांच्या टाकीसाठी मिळतं ते समुद्री मीठ. ताईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "घरात पाणघोडे? या जागेत?"

"पाणघोडे नव्हेत ताई. समुद्रघोडे."

"मग तर आणखीच मोठे असतील की!"

रविवारी बाई त्या म्हाताऱ्याकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "येतेस?" मी गेले.

पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते ते. आम्ही पुढे त्यांना घोडेवाले काका म्हणायला लागलो. घराला लागून गाडी ठेवायची खोली होती, पण त्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, प्रत्येकीत बारीक नळी आणि बुडबुडे. खोलीभर उकळी फुटल्यासारखा आवाज. मी तळहाताएवढा तरी प्राणी शोधत होते. काकांनी बोटाने दाखवला तेव्हा दिसला: हिरव्या शेवाळाच्या दोऱ्याला शेपटी गुंडाळून उभा, माझ्या करंगळीच्या पहिल्या पेराएवढा.

"अय्या, पिल्लू!" मी म्हटलं.

"पिल्लू कसलं? आजोबा आहेत ते," काका म्हणाले. "याहून मोठे होतच नाहीत."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि ते थांबेनात. यांना पोट नावाचा अवयवच नसतो. खाल्लेलं सरळ पुढे जातं, म्हणून सतत खायला लागतं. आणि तेही जिवंत, हलणारं. दात नाहीत. पोहता फारसं येत नाही. पाण्याला ओढ असली की दमून मरतात. म्हणून मोठी टाकी नको, जोराचा पंप नको, धरायला मात्र भरपूर हवं. आणि बाहेरचं काही, दगड असो की शेवाळ, धुतल्या-उकळल्याशिवाय टाकीत पडता कामा नये.

"का?" बाईंनी विचारलं.

"त्याबरोबर हायड्रॉइड येतात. केसाएवढे जीव, पण डंख मारतात. मोठा घोडा सहन करतो. पिल्लं नाही."

बाई ऐकत होत्या. काकांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल पुढे केलं. "बसा ना. हे साहेबांचंच स्टूल. दर शनिवारी यायचे ना ते. तासभर बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. मी बडबड्या, पण त्यांच्यासमोर माझाही आवाज बंद व्हायचा."

"हे?" बाई म्हणाल्या. "गप्प बसायचे?"

"अगदी. आता काय, काम फार असतं वाटतं?"

"हो. फार."

परत येताना बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "शनिवारी त्यांना जादा काम असायचं. मला तेच माहीत होतं." मला वाटलं, आता काहीतरी फुटेल. रागावतील, रडतील. त्या म्हणाल्या, "गप्प बसायला जागा हवी असेल," आणि तिकिटाची सुरळी करत राहिल्या.

टाकी लागली ती बैठकीत, दोन खुर्च्यांच्या मधे. लॅबमध्ये प्लास्टर कालवून कालवून बाईंचा हात तयार होता. मीठ मिसळायचं, खारटपणा मोजायची काचेची नळी तरंगवून बघायची, जास्त झालं तर साधं पाणी, कमी झालं तर आणखी मीठ. हे त्यांना जमलं. धरायला प्लास्टिकची गवताची पाती लावली, उकळून. फिल्टरमधून बुडबुडे यायला लागले. आणि मग काहीच नाही. नुसतं पाणी. पाण्यात घाण पचवणारे जंतू वसायला कितीतरी आठवडे लागतात, तोवर रिकामी टाकी चालू ठेवायची.

"हे बरंय," ताई म्हणायच्या. "घोडा नाही, तबेला तयार!"

पण त्याही समोरच्या खुर्चीत येऊन बसायच्या. दोघी नणंद-भावजया संध्याकाळी रिकाम्या पाण्याकडे बघत बसलेल्या मी पाहिल्यात. टीव्ही बंद. बुडबुडे चालू. ताई रडत असल्या तर आवाज न करता रडायच्या.

काका मधून मधून त्याच मोबाइलवर फोन करायचे. पाणी कसं आहे, आणि साहेब कसे आहेत, साहेब आहेत का. बाई म्हणायच्या, बाहेर गेलेत. आंघोळीला गेलेत. वरच्या मजल्यावर लिफ्ट बघायला गेलेत. लॅबमध्ये ते ऐकताना आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. मालक एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोणीतरी सांगायला हवं त्या माणसाला." मी म्हटलं, "तुम्ही सांगा." ते आपल्या टेबलाकडे वळले.

घोडे येणार म्हटल्यावर त्यांच्या जेवणाची सोय आधी करावी लागते. आर्टेमिया म्हणून एक बारीक कोळंबीसारखा जीव असतो. त्याची अंडी डबीत मिळतात, तपकिरीसारखी दिसतात. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, बाटली उलटी टांगायची, खारं पाणी, हवेची नळी, वर दिवा. एक-दीड दिवसात अंडी फुटून पाणी केशरी होतं. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती खेचून घ्यायची, गाळायची, धुवायची, घोड्यांना घालायची. आज घातली तर उद्याची बाटली आजच लावायची. एक दिवस चुकला की उपासमार.

"म्हणजे त्यांना खायला घालण्यासाठी आधी ह्यांना जन्माला घालायचं," ताई म्हणाल्या. "देवाची पण काय एकेक तऱ्हा."

शेवटी काकांनी घोडे दिले. दोन जोड्या, प्लास्टिकच्या डब्यात. बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब त्या डब्यात सोडायचं, म्हणजे त्यांना नवं पाणी हळूहळू ओळखीचं होतं. बाई नळी धरून जमिनीवर बसून राहिल्या. मग एकेकाला सोडलं. ते खाली गेले, थोडे वर आले, आणि दिसेल त्या पात्याला शेपटीने धरलं. दोघांनी तर एकमेकांच्याच शेपट्या धरल्या.

लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी घोळका केला. "काय बाई, बिनदाती गिऱ्हाइकं आली म्हणे घरी. मापं घेतली का?" मालक म्हणाले. बाई ओठ मिटून हसल्या. पण डोळ्यांपर्यंत काही गेलं नाही, ते मला दिसलं. मला वाटलं होतं, प्राणी घरात आले की माणूस बदलतो, असं सगळे सांगतात. बाई बदलल्या नाहीत. फक्त सकाळी उठायला त्यांना कारण झालं, तेही त्यांनी मागितलेलं नव्हे. त्या उठायच्या, बाटली उतरवायच्या, गाळायच्या, घालायच्या, तळ नळीने साफ करायच्या, कामावर यायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. मी विचारलं, आवडतात का? त्या म्हणाल्या, "खातात नीट."

थोड्या दिवसांनी एकाचं पोट फुगलं. बाईंनी लॅबमधूनच काकांना फोन लावला, स्पीकरवर.

"एक नर आजारी आहे. पोटाशी सूज आहे. सकाळपासून कोपऱ्यात उभा आहे."

"सूज कसली बाई! दिवस गेलेत."

"कोणाला?"

"त्यालाच. त्यांच्यात नरच वाहतो. मादी पिशवीत अंडी ठेवून मोकळी होते. साहेबांना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे."

लॅबमध्ये हशा पिकला. आमच्यातली एकजण म्हणाली, ही सोय आपल्यात कधी येणार. बत्तीशीबाईंनी फोन ठेवला आणि मेणाची पट्टी दिव्यावर धरली. धरली ती धरलीच. मेण वितळून टेबलावर ठिबकायला लागलं तेव्हा मी त्यांचा हात बाजूला केला.

"आम्हाला मूल नव्हतं," त्या हळू म्हणाल्या. "माहीत आहे ना तुला. डॉक्टर झाले, औषधं झाली. एकदा हे म्हणाले होते, माझ्या हातात असतं तर मीच..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. टेबल खरवडून साफ केलं.

पिल्लं झाली ती सकाळी. त्यांनी मला बोलावलं नाही, मीच संध्याकाळी गेले. पाण्यात स्वल्पविराम सांडल्यासारखे दिसत होते. उभे. प्रत्येकाला डोळे, प्रत्येकाला शेपटी, आणि प्रत्येकजण काहीतरी धरायला शोधत होता. ताईंनी लगेच डोळ्यांना पदर लावला. "बाप बघ कसा दमलाय," त्या म्हणाल्या. खरोखरच नर बाजूला पात्याला धरून उभा होता, पोट सपाट, मान खाली.

"त्यांना तसंच असतं ताई. मान खालीच," बाई म्हणाल्या.

ताईंना त्या पिल्लांचं फार कौतुक. घरी आल्या-गेल्याला दाखवायच्या. आणि त्याच कौतुकात एक दिवस बाजारातून येताना मासेवाल्याच्या दुकानातून त्यांनी एक छोटा दगड आणला, त्यावर सुंदर हिरवं शेवाळ उगवलेलं. प्लास्टिकच्या गवताला पिल्लं काय धरणार, खरं हवं, म्हणून वहिनी कामावर असताना टाकीत, पात्यांच्या दाटीत मागे ठेवला. नुसता नळाखाली धुऊन.

आठवड्याभरातच पिल्लं कमी व्हायला लागली. रोज सकाळी तळाशी काही पांढरे तुकडे. बाईंनी लॅबमधलं भिंग घरी नेलं. काचेवर, पात्यांवर, फिल्टरवर केसांसारखे देठ उभे होते आणि देठांच्या टोकांना झुपके, उघडणारे-मिटणारे. एक पिल्लू अशाच झुपक्याला चिकटलं होतं. सुटायला बघत होतं. सुटलं नाही.

त्यांनी काकांना कळवलं. काका म्हणाले, मीच येतो. त्या संध्याकाळी मीही तिथेच होते. काका हातात झाकणाची बरणी आणि कसलीशी पुडी घेऊन आले, दारातच चप्पल काढता काढता म्हणाले, "साहेब नाहीत का अजून?"

ताई आतून चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. "कोण साहेब?"

"या घरचे साहेब हो. आज तरी भेटतील म्हटलं."

ताईंनी ट्रे खाली ठेवला. वहिनीकडे पाहिलं. बाई टाकीसमोर गुडघ्यांवर बसून पाणी काढत होत्या, त्यांनी मान वळवली नाही.

"माझा भाऊ गेला," ताई म्हणाल्या.

"गेले? कुठे, कामावर?"

मी भिंतीकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही; ते तसंच राहिलं आणि हळूहळू त्याचा अर्थ गेला. ते खुर्चीत बसले.

"कधी?"

ताईंनी सांगितलं.

"म्हणजे मी पहिला फोन केला त्याच्या आधी," काका म्हणाले. "आणि मी दर वेळी विचारत होतो. दर वेळी! बाई, तुम्ही एकदा तरी मला गप्प करायचंत."

"विचारत होतात ते बरं होतं," बाई म्हणाल्या. नळीतून पाणी बादलीत पडत होतं. "सगळे 'होते' म्हणतात. असे होते, तसे होते. 'आहेत का' म्हणून तुम्ही एकटेच विचारत होतात."

तिथे रडण्यासारखं कोणी असेल तर ताई. पण त्या वेळी त्याही रडल्या नाहीत. चहावर साय धरली.

काकांनी बाह्या वर केल्या. मोठे घोडे त्यांनी हाताच्या ओंजळीने बरणीत घेतले. उरलेली पिल्लं, जी काही होती ती, चमच्याने वेगळ्या वाटीत. दगड बाहेर काढला. पुडीत कुत्र्यांना देतात ते जंतांचं औषध होतं. त्याची अगदी चिमूटभर पूड पाण्यात कालवून टाकीत सोडायची, हायड्रॉइड मरतात.

"हा दगड कुठून आला?" काकांनी विचारलं.

ताईंचा चेहरा उतरला. "मी आणला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं... बिचाऱ्यांना..." आणि मग आला तो बांध फुटूनच आला. "मीच मारली गं ती. माझ्या हाताने मारली."

"असू दे ताई. तुम्हाला काय माहीत."

"असू दे कसं? ओरड ना माझ्यावर!" ताई एकदम मोठ्याने म्हणाल्या. "एकदा तरी ओरड! भाऊ गेला तेव्हा नाही, आता नाही. मी घरभर रडत फिरते आणि तू 'हो ताई, असू दे ताई'. मला वाटतं, तुला आमचं काहीच वाटत नाही!"

बाईंनी नळीला गाठ मारली. उठल्या. ताईंच्या समोर उभ्या राहिल्या. मला वाटतं, त्यांनी खरंच प्रयत्न केला; तोंड उघडलं. मग मिटलं.

"ओरडायचं तर आतून काहीतरी यायला हवं ना ताई," त्या म्हणाल्या. "येत नाही. मी वाट बघते रोज. येत नाही."

ताई बघत राहिल्या. मग त्यांनी ट्रे उचलला, चहा आत नेऊन ओतून दिला आणि नवा ठेवला. त्या दिवसानंतर त्यांनी वहिनीला 'रडून घे' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मोठे घोडे वाचले. पिल्लांतली बोटांवर मोजण्याइतकी उरली, ती मोठी झाली. काका दर शनिवारी यायला लागले, पाणी बघायचं निमित्त. येताना त्यांची बडबड दारापर्यंत असायची. आत आले की गप्प.

पिल्लं झालेला तो नर पुढे बरेच महिने जगला. बुटक्या घोड्यांचं आयुष्यच कमी; वर्ष, दीड वर्ष म्हणजे म्हातारपण. त्याचा रंग फिका पडत गेला. एका सकाळी तो पात्याला धरूनच होता, पण डोळा हलत नव्हता. शेपटीची पकड मेल्यावरही सुटत नव्हती. बाईंना ती चिमट्याने उलगडावी लागली. हे मला ताईंनी फोनवर सांगितलं, कारण बाई त्या दिवशी कामावर उशिरा आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या बसल्या, मेण मऊ केलं, दात रोवायला घेतले. थोड्या वेळाने मी सहज पाहिलं तर वरचा सुळा त्यांनी खालच्या ओळीत रोवला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी दाखवून दिलं. त्यांनी तो काढला, हातात धरून बसल्या, आणि म्हणाल्या, "आज भूक नाही." डबा उघडलाच नाही.

मालक माझ्याकडे बघत होते. मी काही नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डबा खाल्ला. कवळी वेळेत दिली.

ताईंनी आपल्या गावातली जागा भाड्याने दिलीय आणि त्या आता इथेच राहतात. सकाळची बाटली त्या उतरवतात, कारण त्यांना लवकर जाग येते. गाळून, धुऊन तयार ठेवतात, घालायचं मात्र वहिनीनेच. मिस्टरांचा मोबाइल एकदा चार्ज करायचा राहिला, मग राहातच गेला. बाईंच्यात काय बदललं म्हणून कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. हसतात तशाच, ओठ मिटून. रडल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही. मी कधी जाते तेव्हा खुर्ची पुढे सरकवतात.

परवा गेले होते. काका आलेले होते. टाकीत एक तरुण घोडा पात्याच्या टोकाला धरून, अगदी स्थिर उभा होता.

"हा झोपलाय का गं?" ताईंनी विचारलं.

"कळत नाही ताई," बाई म्हणाल्या. "पापण्या नसतात त्यांना." आणि त्या काचेजवळ सरकून बघत बसल्या.